विड्याची वहिवाट

समुद्राला समांतर गेलेला एक लांबलचक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना ओळीने वसलेली कौलारू घरे, मध्यावर बाजार आणि व्याडेश्वराचे देवालय, एका अंगास वरचा पाट, दुसऱ्या अंगास खालचा पाट, आणि पश्चिमेकडच्या घरांचे मागील दार उघडले की थेट पुळणीपर्यंत पसरलेली नारळी-पोफळीची आगरे, अशी गुहागरची ठेवण पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी या उपसागराला ब्राह्मणांचा उपसागर म्हणत, असे १८८० सालच्या रत्नागिरीच्या गॅझेटियरात नमूद आहे. दुसरे बाजीराव पेशवे येथे वाडा बांधून हवापालटासाठी येत आणि त्यांचा अंमल संपल्यावर त्या वाड्याचे सामान रत्नागिरीच्या सरकारी कचेऱ्यांच्या कामी लागले, हीही गोष्ट त्याच दप्तरात सापडते. परंतु वाडे येतात आणि जातात. गुहागरचा चिरस्थायी इतिहास लिहावयाचा झाल्यास तो आगरांचाच लिहावा लागेल, आणि आगरांचा इतिहास लिहू गेल्यास त्यातून निघालेल्या एका फळाचा, त्या फळाभोवती वाढलेल्या एका रूढीचा, आणि त्या रूढीच्या पोटी जन्मलेल्या एका व्याधीचा विचार टाळता येणार नाही.

वाळूमिश्रित जमीन, थोड्याच खोलीवर लागणारे गोडे पाणी, आणि खाऱ्या वाऱ्याला अडविणारी माडांची बाहेरची रांग, एवढे तीन योग जुळून आले म्हणजे पोफळ सुखाने वाढते. विहिरीवरच्या रहाटाचे लोटे एकामागून एक भरून वर येत, पन्हळीतून पाटात आणि पाटातून अळ्याअळ्यांत पाणी फिरे, आणि त्या शिपण्यावर घरातल्या सर्वांची सकाळ बांधलेली असे. सुपारी पिकून नारिंगी झाली म्हणजे पायांत दोरीचे वेटोळे अडकविलेला गडी सरळसोट खोडावर चढे, आणि वरचे घोस उतरविल्यावर खाली न येता शेंड्याला झोका देऊन शेजारच्या पोफळीवर जाई. हे कसब पाहणाऱ्याला आजही श्वास रोखून धरावा लागतो. मग अंगणात, खळ्यात, मांडवावर ती फळे महिना-सव्वा महिना उन्हात पडत, रोज वरखाली केली जात, आणि वाळल्यावर सोलून, प्रतवारी लावून, पोत्यांत भरून बंदरावर रवाना होत. कोवळी फळे सोलून उकडली आणि वाळविली की चिकणी सुपारी होई. या व्यवहारावर घरे उभी राहिली, मुली उजविल्या गेल्या, मुलगे पुण्या-मुंबईस शिकावयास गेले. सुपारीविषयी पुढे जे काही लिहावयाचे आहे ते लिहिताना या कष्टांचे विस्मरण होऊ देणे अन्यायाचे होईल, म्हणून ते आधी सांगितले.

आता तबकाकडे वळू. पितळी तबकात नागवेलीची पाने, चुन्याची डबी, काताचे तुकडे, लवंग-वेलची आणि मधोमध आडकित्ता. आडकित्त्याच्या दोन पात्यांत सुपारी धरून दाबली की ती खट्‌कन दुभंगते आणि आत पांढऱ्या-तपकिरी शिरांची नक्षी दिसते. जाणता मनुष्य त्या नक्षीवरून सुपारीचा कस सांगतो. हे तबक म्हणजे महाराष्ट्रातील सभ्यतेचे एक अधिष्ठान होते. भोजनोत्तर तांबूल आयुर्वेदाने सांगितला. पूजेत गणपतीच्या जागी सुपारी मांडली गेली. सोयरीक सुपारी फोडून पक्की झाली. सभेची सांगता पानसुपारीने झाली. आणि कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालावयाचे ते नारळ आणि विडा ठेवूनच. नागवेल पोफळीच्याच खोडावर चढविली जाते, म्हणजे विड्याचे दोन मुख्य घटक एकाच आगरात, एकमेकांच्या आधाराने वाढतात. तेव्हा गुहागरसारख्या गावी विडा हे व्यसन आहे असे कोणाच्या मनातही आले नसेल तर त्यात आश्चर्य नाही.

या प्राचीन विड्यात तंबाखू नव्हती. हा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा असून तो पुष्कळांच्या ध्यानात नसतो. तंबाखू हे अमेरिका खंडातील झाड. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पश्चिम किनाऱ्यावर आणले, आणि पाहता पाहता आदिलशाही मुलखात त्याचा प्रसार झाला. अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परत निघाला तेव्हा त्याने तिथली तंबाखू बरोबर नेली आणि १६०४ च्या सुमारास ती बादशहापुढे नजर केली. दरबारच्या हकिमाने या अपरिचित वस्तूविषयी तत्क्षणी शंका बोलून दाखविली. पुढे जहांगिराने १६१७ मध्ये तंबाखूस मनाई केली. तिचा फारसा उपयोग झाला नाही. गुहागरच्या उत्तरेस वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ हे आदिलशाहीचे नामांकित बंदर. विजापूरची आवडनिवड येथवर पोचण्यास विलंब लागण्याचे कारण नव्हते. जी वस्तू हजारो वर्षांच्या विड्यात उपरी म्हणून शिरली, ती चार शतकांत घरची झाली. विडेकऱ्याच्या चंचीत तिला कायमचा कप्पा मिळाला, तपकिरीच्या रूपाने ती भटजींच्या आणि विधवा आजीबाईंच्या कनवटीस गेली, आणि मशेरीच्या रूपाने ती थेट चुलीपाशी येऊन बसली.

मशेरीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण पुरुषांच्या व्यसनांची चर्चा चव्हाट्यावर होते आणि बायकांची माजघरातच राहते. तंबाखूचे पान तव्यावर टाकून काळेभोर होईपर्यंत भाजावयाचे, त्याचा झणझणीत धूर सगळ्या घरात कोंदतो, मग ते हाताने चुरून पूड करावयाची आणि लहानशा डबीत भरून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवावयाची. पहाटे उठल्यावर तर्जनीने ती हिरड्यांवर घासली म्हणजे दात स्वच्छ होतात अशी समजूत. पण दात घासण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्याने समाधान होत नाही, बोट तोंडातच राहते, दुपारी पुन्हा डबी निघते, आणि रात्री मशेरीशिवाय झोप येत नाही. मुलीला आईकडून, सुनेला सासूकडून ही वहिवाट मिळत गेली. हिला कोणी व्यसन म्हटले नाही, हिच्यावर कोणी कीर्तनातून कोरडे ओढले नाहीत, कारण ती दंतमंजनाच्या नावाखाली वावरली. भाताच्या तुसाची राखुंडी कोकणात घरोघर निघे. ती असताना ही जळकी तंबाखू दातांना लावावी, याचे मला नेहमीच दुःख होते.

या सर्व गोष्टींचा हिशेब पुढे मुंबईत झाला, आणि तो ज्या जागी झाला तिचा रत्नागिरी जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांना मजूर पुरविण्यात रत्नागिरी जिल्हा अग्रेसर होता. परळ-लालबागच्या चाळींतील खोल्याखोल्यांतून याच जिल्ह्याचे चाकरमानी दाटीवाटीने राहत, आणि त्यांच्या बोचक्यात पान, सुपारी, तंबाखू ही असावयाचीच. त्याच परळ भागात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, आणि त्याच्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. मद्रासेत डॉ. निब्लॉक यांनी १९०२ च्या सुमारासच पान-तंबाखू खाणाऱ्यांच्या गालातील कर्करोगाकडे लक्ष वेधले होते, त्रावणकोरात डॉ. ऑर यांनी १९३३ मध्ये त्याच विषयावर लिहिले होते. परंतु एकाच रुग्णालयात येणाऱ्या शेकडो रोग्यांची पद्धतशीर नोंद ठेवून, प्रत्येकाचा प्रांत, जात, आहार आणि सवयी विचारून, त्यांतून कारणाचा माग काढण्याचे काम खानोलकरांनी केले. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी डॉ. सूर्याबाईंसह त्यांनी एक निबंध लिहिला, त्याचा विषयच मुळी कर्करोग आणि रूढी यांचा संबंध हा होता: खालच्या ओठाच्या आत चुना-तंबाखूची गोळी धरणाऱ्याला नेमका तेथेच रोग होतो, धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेच्या ज्या जागी घासते तेथेच एखाद्याला व्रण होऊन त्याचा कर्करोग बनतो.

माझ्या मते या विचाराचे महत्त्व शस्त्रक्रियेच्या कोणत्याही शोधाहून कमी नाही. कर्करोग म्हणजे प्रारब्ध, पूर्वकर्माचे फळ, अशी जी समाजाची धारणा होती तिला खानोलकरांनी एका सरळ प्रश्नाने उत्तर दिले, आणि तो प्रश्न म्हणजे, हा मनुष्य रोज काय करतो? रोग जर रूढीतून येत असेल, तर रूढी ही माणसांनी लावलेली गोष्ट आहे, तिला आरंभ आहे, तिची तारीख पुष्कळदा सांगता येते, आणि जिला आरंभ आहे तिचा शेवटही माणसांच्याच हाती आहे. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी इंग्लंडातील वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान आणि तंबाखू चघळणे यांचा तुलनात्मक अभ्यास मांडला. त्यात रोग्यांच्या जोडीला रोग नसलेल्यांच्याही सवयी तपासल्या होत्या, आणि चघळणाऱ्यांचा रोग तोंडाच्या पुढल्या भागात, तर ओढणाऱ्यांचा घशाकडे अधिक आढळतो, हा भेद त्यातून पुढे आला.

एवढ्यावर सर्व दोष तंबाखूच्या माथी मारून सुपारी निर्दोष ठरली असती, तर आगरकऱ्यांना आणि आपणा सर्वांनाच बरे वाटले असते. तसे झाले नाही. १९५२ मध्ये केनियातील पाच हिंदी स्त्रियांच्या तोंडातील एका चमत्कारिक विकाराचे वर्णन श्वार्ट्झ यांनी केले, आणि १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्याच विकाराची येथे नोंद केली. प्रथम तिखट सोसेनासे होते. ज्या घरात कालवणाला लाल रस्सा नसला तर जेवण गोड लागत नाही त्या घरातला मनुष्य दहीभात मागू लागतो. मग गालाची आतली कातडी फिक्कट, पांढुरकी होते, तिच्याखाली दोऱ्यासारखे ताठर पट्टे हाताला लागतात, आणि हळूहळू तोंड इतके आवळते की तीन बोटे उभी धरून आत जाईनाशी होतात. या विकाराचे मूळ सुपारीत आहे, तंबाखूची त्यास गरज नाही, हे पुढील संशोधनाने निश्चित केले. सुपारीतील अरेकोलीन नावाचे द्रव्य आतल्या त्वचेतील तंतू अवाजवी वाढविते, आणि अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा संभव मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा १९८५ मध्ये दिलेला होताच; २००३ मध्ये तिच्या तज्ज्ञमंडळाने तंबाखूविरहित विडा आणि खुद्द सुपारी यांनाही त्याच पहिल्या वर्गात घातले.

हा निर्णय गुहागरच्या माणसाने कसा स्वीकारावा? मला वाटते, तो प्रामाणिकपणे स्वीकारावा. परंतु इतिहासाचा आणखी एक दाखला त्याबरोबर सांगितला पाहिजे. आजोबांच्या तबकातील विडा दिवसाकाठी दोन-चार वेळा, बसून, लावून, खाल्ला जाई. तो हानिकारक होता, तरी त्याला वेळेचे आणि पैशाचे बंधन होते, आणि पोरासोरांना तबकाला हात लावण्याची मुभा नव्हती. १९७० नंतरच्या दशकांत पानमसाला आणि गुटखा चकचकीत पुड्यांतून आला, तेव्हा हे प्रत्येक बंधन तुटले. पान नाहीसे झाले, सुपारीचा भुगा आणि तंबाखू तेवढी राहिली, किंमत शाळकरी मुलाच्या खिशाला परवडेल इतकी खाली आली, आणि पुडी दिवसभर गालात राहू लागली. जो विकार पूर्वी प्रौढ वयात दिसे तो विशीतल्या तरुणांत दिसू लागला. महाराष्ट्र सरकारने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली; २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अधिकाराच्या मुद्द्यावर रद्द ठरविली; मग अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याखाली जुलै २०१२ पासून पुन्हा बंदी आली. कारखानदारांनी एका पुडीच्या दोन पुड्या केल्या, एकीत मसाला, दुसरीत तंबाखू, आणि गिऱ्हाईक त्या तळहातावर एकत्र करू लागले. हुकूम निघतो आणि अंमलबजावणी मागे राहते, ही तक्रार जहांगिराच्या काळापासूनची आहे. तरीही मी बंदीच्या बाजूने आहे, कारण दुकानातल्या माळा खाली उतरल्याने निदान नव्या मुलाच्या हाती पहिली पुडी पडण्याचा मार्ग अरुंद होतो.

बंदीहून अधिक भरवशाचे काम मात्र समजावणीचे आहे, आणि तेही मुंबईच्याच माणसांनी सिद्ध करून दाखविले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंतवैद्यकीय संशोधनाचे एक पथक उभारले. १९६६ पासून या पथकाने चार प्रांतांतील ५०,९१५ खेडूतांची आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ खेडूतांची तोंडे घरोघर जाऊन तपासली. लाखावर माणसांच्या ओसरीवर बसून, प्रत्येकाला आ करावयास लावून, गालाच्या आत पाहून, त्याची सवय लिहून घेणे या कामाला केवढी चिकाटी लागली असेल, याची कल्पना करावी. नंतर डॉ. प्रकाश गुप्ता प्रभृतींनी सुमारे ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांना वर्षानुवर्षे भेटी देऊन, चित्रे दाखवून, सभा घेऊन सवय सोडण्याचा उपदेश केला, आणि १९८६ मध्ये निष्कर्ष जाहीर केला की ज्यांनी सवय सोडली वा कमी केली त्यांच्यात कर्करोगाच्या आधी येणारे पांढरे चट्टे लक्षणीय प्रमाणात कमी उद्भवले. खेडूत ऐकत नाही, अडाणी मनुष्य सुधारत नाही, असे म्हणणाऱ्या शहाण्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हाही असाच अनुभव आला: नोंदणीसाठी गावोगाव जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी लक्षणे समजावून सांगितल्यामुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. त्याच परिसरातून पुढे उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये असे दिसून आले की गर्भाशयमुखातील विषाणूची एकच तपासणी केल्याने त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून तर दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित स्त्रियांनी सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ साधे व्हिनेगर, लावून केलेल्या तपासणीने या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. रत्नागिरी जिल्ह्यातही चिपळूणजवळच्या डेरवण येथील वालावलकर रुग्णालय आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने गावोगाव तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासण्या झाल्या आहेत. ज्या जिल्ह्याने मुंबईला रोगी पुरविले, त्याच जिल्ह्याच्या दारी मुंबईची विद्या परत आली, यात मला मोठे समाधान वाटते.

काम संपले आहे असे मात्र नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १०० प्रौढांपैकी सुमारे २४ जण बिनधुराची तंबाखू घेताना आढळले, तर ओढणारे ४ हून कमी. म्हणजे आपल्या प्रांताचा प्रश्न विडी-सिगारेटीपेक्षा कितीतरी पटींनी चंचीचा, पुडीचा आणि मशेरीच्या डबीचा आहे.

आगरकऱ्यांच्या चरितार्थाचा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नारळाच्या बागेत काळी मिरी, जायफळ, दालचिनी यांची मिश्र लागवड करण्याची जी पद्धत शिकविली, तिच्यातील मिरी आणि जायफळ पोफळीच्या सावलीतही येतात. ज्या खोडावर नागवेल चढते त्याच खोडावर मिरवेलही चढते. देवापुढे मांडलेल्या सुपारीने, गाऱ्हाण्याच्या विड्याने, सोयरिकीच्या नारळ-सुपारीने कोणाच्या गालाला व्रण पडत नाही. ती परंपरा खुशाल राहावी. तोंडात घालण्याची वहिवाट तेवढी थांबावी, आणि आगरातील उत्पन्नाचा भार हळूहळू मसाल्याच्या पिकांवर सरकावा, अशी तजवीज करणे कठीण असले तरी अशक्य नाही.

आता वाचकांना विनंती. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, तिखट सोसत नसेल, किंवा उभी तीन बोटे तोंडात जात नसतील, तर घरगुती औषधात दिवस घालवू नयेत. ३० वर्षांवरील कोणाचीही तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य करण्याची योजना आहे, आणि तंबाखू सोडू इच्छिणाऱ्याला १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. गणपतीला जे चाकरमानी गुहागरास, वेळणेश्वरास, हेदवीस येतील, त्यांनी सुटीतील एक सकाळ राखून ठेवावी आणि मशेरी लावणाऱ्या आपल्या आईला, आजीला, काकीला स्वतः बरोबर घेऊन तपासणीस जावे; त्या आपण होऊन जाणार नाहीत.